भिंतीला लावलेला कान

विट्यातल्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीबाहेर लोक बाकावर बसलेले असतात. प्रत्येकाच्या हातात नंबरची चिठ्ठी. दारावर लाल आकड्यांची पाटी आहे, ती आपोआप बदलते. पण खोलीतली मुलगी त्या पाटीकडे बघत नाही. ती दारात येते, कागदावरचं नाव वाचते आणि हाक मारते, "बयाबाई मेटकरीऽ!" हाक अशी लागते की रस्त्यापलीकडचा चहावाला किटली तिरकी धरून क्षणभर थांबतो. डॉक्टरांनी तिला दोनदा समजावलं, नंबर पुकारत जा, शांतता राहते. ती हो म्हणाली आणि पुन्हा नावच पुकारलं. आता कुणी काही बोलत नाही.

तिचं नाव सोनिया. वय पंचवीस. ती डॉक्टर होणार होती असं तिच्या वाडीत अजून म्हणतात. म्हणताना जिभेनं चक् करतात, मेलेल्या माणसाबद्दल करावं तसं.

वाडी आटपाडीच्या पुढं, माळावर. तिथल्या धनगरांच्या घरांना कुलपं असतात आणि वर्षातले सात महिने ती लावलेली असतात. दिवाळी झाली की माणसं मेंढरं, कुत्री आणि घोड्याच्या पाठीवरचा संसार घेऊन पश्चिमेला निघतात. कृष्णाकाठच्या काळ्या रानात ऊस तुटून गेलेला असतो. तिथले शेतकरी लेंडीखतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. दोन दिवस ह्याच्या रानात, चार दिवस त्याच्या. मृगाच्या तोंडावर सगळे परत.

सोनियाचा आज्जा तात्याबा असा साठ वर्षं चालला. त्याच्याकडे सव्वाशेच्या आसपास मेंढरं असायची. डोळे मिटून बसला तरी कुठलं मेंढरू ओरडलं ते त्याला कळायचं. मेंढरंही माणसाला तोंडावरून ओळखत नाहीत, हाकेनं ओळखतात. दोन कळप एका पाणवठ्यावर मिसळले तर धनगर भांडत नाहीत. दोघं दोन बाजूंना उभे राहून आपापली हाक देतात आणि कळप पाण्यासारखा दुभंगतो. म्हणून कळप कुणाच्या हाती द्यायचा असेल तर नुसता देऊन चालत नाही. नव्या माणसानं जुन्याच्या शेजारी उभं राहून एक अख्खं वर्ष हाक द्यावी लागते. दोन हाका एकत्र ऐकून ऐकून कळप नवी हाक आपली मानतो. ह्याला ते लोक हाक जोडणं म्हणतात.

तात्याबानं आधी आपल्या पोराची, सोनियाच्या बापाची, धनाजीची हाक जोडली होती. पण धनाजी सोनं गाळायच्या कामाला कोइमतूरला गेला आणि दोन वर्षांत मेंढरं त्याला विसरली. सुट्टीला आलेल्या धनाजीनं माळावर उभं राहून हाक दिली तेव्हा एकाही मेंढरानं मान वर केली नाही. तो हसला, म्हणाला, "लय गर्विष्ठ झालीत ही." आणि मग दिवसभर कुणाशी बोलला नाही.

मग तात्याबानं आठ वर्षांच्या नातीची हाक जोडली. तिची हाक खालून निघायची, सरळ वर चढायची आणि शेवटी जुन्या लुगड्याचा धडपा फाडावा तशी फाटायची. त्या फाटण्यावर मेंढरं धावत. धनाजीनं एकदा ती हाक मोबाइलवर भरून नेली. कोइमतूरला भट्टीशेजारी बसून तो ती ऐकायचा.

सोनिया शाळेत हुशार निघाली. कुठल्याशा परीक्षेत जिल्ह्यात वर आली आणि नववीला तिला आष्ट्याच्या पुढच्या एका निवासी शाळेत फुकट जागा मिळाली. लोक त्या शाळेला नुसतं संकुल म्हणत. तिथून दरवर्षी मुलं डॉक्टर व्हायला जात. तात्याबानं तिला गेटपर्यंत सोडलं. म्हणाला, "जा. आमी मेंढरांची नाडी बघितली, तू माणसांची बघ." तिनं ऐकलेलं त्याचं ते शेवटचं लांब वाक्य. पुढच्या वर्षी त्याच्या घशात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज काढून टाकण्यात आला. गळ्यापाशी एक भोक राहिलं, त्यावर पांढरं फडकं. तेव्हापासून तो काठीनं बोलू लागला. एकदा आपटली की व्हय. दोनदा आपटली की न्हाई.

संकुलात चारशे मुलंमुली होती. दहाची एक रांग, अशा चाळीस रांगा. सगळ्यांचे केस सारखे, कपडे करडे. व्हरांड्यात जमिनीवर पांढरी रेघ होती, तिच्यावरूनच चालायचं. रस्त्याकडच्या खिडक्यांच्या काचा छातीपर्यंत रंगवलेल्या होत्या. सोनियाला तिथं त्रेसष्ट म्हणत. सातवी रांग, तिसरी जागा.

प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर बिस्किटाच्या पुड्याएवढं एक यंत्र होतं. मुलं त्याला दिवा म्हणायची. कुणी बोलू लागलं की दिवा ऐकायचा. आवाजाची उंची, वेग, शब्द, सगळं ठरलेल्या मापात असलं की हिरवा. मापाबाहेर गेलं की लाल. एका रांगेचे आठवड्यात तीन लाल झाले की ते करणाऱ्या मुलाला काहीच शिक्षा नव्हती. त्याच्या अख्ख्या रांगेचा रविवारचा फोन बंद व्हायचा.

शिस्त बघणारे ऋषिराज सर मलकापूरचे होते. तिशीचा माणूस, कधी ओरडायचा नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी नव्या मुलांना सांगितलं होतं, "तुम्ही तोंड उघडलंत की जगाला तुमचं गाव कळतं. गाव कळलं की तुमची किंमत ठरते. आम्ही तुमचं गाव पुसून देतो. पुढं कुणी तुम्हाला अडवणार नाही." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. त्यांचं स्वतःचं बोलणं इतकं सपाट होतं की ते कुठून आलेत हे त्यांनाही सांगावं लागे.

रोज सकाळी पावणेसातला मैदानात चारशे जण उभे राहून प्रतिज्ञा म्हणत. आमचं ध्येय एक, आमची वाट एक, आमचा आवाज एक. मैदानातल्या खांबावर मोठा दिवा होता. चारशे तोंडांतून एकच आवाज निघू लागला की तो हिरवा व्हायचा आणि मगच नाश्ता मिळायचा.

सुरुवातीला सोनियाचा दिवा दिवसातून दहादा लाल व्हायचा; नव्यांचे लाल पहिले काही महिने मोजत नसत. "न्हाई" म्हटलं की लाल. "लय" म्हटलं की लाल. दहावीपर्यंत ती शिकली. अकरावीला तिच्यावर महिनोन्‌महिने लाल दिवा लागला नाही. त्या उन्हाळ्यात ती वीस दिवस घरी गेली तेव्हा माळावर तिनं हाक दिली. मेंढरांनी माना वर केल्या. बघत राहिली. मग, थोड्या वेळानं, आली. तात्याबा बाजूला उभा होता. त्यानं काही आपटलं नाही. फक्त काठीच्या टोकानं मातीत रेघा मारत राहिला.

कळपाला आता हाक नव्हती. धोंडुबाई, म्हणजे सोनियाची आज्जी, हाक द्यायची, पण तिची कधी जोडलेली नव्हती. ऐकली तर ऐकायची मेंढरं. धनाजीनं मग ती जुनी भरलेली हाक बापाच्या मोबाइलवर पाठवली. अकरा वर्षांच्या सोनियाचा आवाज. तात्याबानं मोबाइल काठीच्या टोकाला बांधला आणि हाक वाजवली. दोन दिवस मेंढरं धावत आली. जवळ येऊन काठी हुंगायची. तिसऱ्या दिवसापासून आली नाहीत. आवाज होता, पण आवाजामागं कुणी नव्हतं.

पुढच्या जानेवारीत कळप आष्ट्याच्या अंगाला आला. संकुलाच्या भिंतीला लागून भरतेश अण्णांचं रान होतं. जैन शेतकरी, जुनी ओळख. दरवर्षी मेंढरं पंधरा-वीस दिवस त्यांच्याकडं बसायची, पण विहिरीकडच्या रानात. ह्या खेपेला तात्याबानं हातानं भिंतीकडचं रान दाखवलं.

"तिकडं?" अण्णा म्हणाले. "आरं, तिकडं सकाळी सकाळी पोरांचा भोंगा असतोय. मेंढरं बुजतील."

तात्याबानं काठी दोनदा आपटली.

"बरं बाबा. आणि त्या मोबाइलचं काय झालं? ऐकत न्हाईत? मग मेंढरास्नी एकेक शिमकार्ड घे की!"

धोंडुबाई तोंडाला पदर लावून हसली. तात्याबाही हसला, आवाज नसलेलं. मग त्यानं भिंतीकडं बोट केलं आणि तेच बोट आपल्या कानावर ठेवलं. तेव्हा अण्णांना कळलं. त्यांचीही पोरगी, ब्राह्मी, त्याच भिंतीआड होती. 

रविवारी सोनियाला सात मिनिटांचा फोन मिळायचा. शेजारी एक बाई बसलेल्या असत, आणि टेबलावर छोटा दिवा.

"सोने!" पलीकडून धोंडुबाई ओरडली. तिला फोनवर हळू बोलता यायचं नाही. "आगं आमी तुझ्या भिंतीलाच हाय! अण्णाच्या रानात! तीन दिस झालं!"

"हो का, आजी," सोनिया म्हणाली. दिवा हिरवा.

"तुझा आज्जा येडा झालाय बघ. रोज सकाळी भिंतीला कान लावून हुबा ऱ्हातुय. तुमी सगळी मिळून म्हंता ना कायतरी, ते ऐकतुय. आन् मला हातानं इचारतुय, ह्यातली आपली कंची?"

सोनियानं फोन कानावर घट्ट दाबला.

"मी म्हनलं, आवं, एवढी शंभर मेंढरं आवाजावरनं वळखतासा, आन् एक नात वळखंना व्हय? त राग आला त्यास्नी. जेवलंच न्हाईत. घे, हितंच हाईत."

फोन पलीकडं दुसऱ्या हातात गेला. एक लांब, भोकातून येणारा श्वास ऐकू आला. सोनियानं दिव्याकडं बघितलं. बाईंनी घड्याळाकडं.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही मला ओळखलंत का?"

 मग फोनच्या काचेवर नखाचा आवाज झाला. टक. थोड्या वेळानं अजून एक. टक.

टेबलावरचा दिवा हिरवाच होता.

मंगळवारी संध्याकाळी धुण्याच्या खोलीत नळ सोडून तिनं ब्राह्मीला सांगितलं. पाणी वाहत असलं की तिथला दिवा गोंधळायचा. ब्राह्मी तिच्याच रांगेत होती. बारीक, चष्मेवाली, हळू आवाजात चावरं बोलणारी.

"माझा बाप जन्मापासून त्या भिंतीपलीकडं राहतो," ब्राह्मी म्हणाली. "त्यानं कधी कान लावला नाही. तुझा मुका आज्जा बरा."

"त्येला एकदा तरी ऐकू गेलं पायजे."

"काय बोललीस? पायजे?" ब्राह्मी हसली. "अगं बाई, तुझ्यात अजून आहे की थोडी वाडी."

"प्रतिज्ञेचा शेवटचा शब्द म्या वर नेते. एकच शब्द. नेहमी न्यायची तसा."

ब्राह्मीनं नळ अजून मोठा केला. "आपल्या रांगेचे दोन लाल झालेत ह्या आठवड्यात. जयराजचे दोन्ही. तुझा तिसरा होईल. मला रविवारी आईशी बोलायचंय." थोडं थांबून म्हणाली, "कर. पण मला विचारलं नव्हतंस असं समज."

दुसऱ्या दिवशी सकाळी 'आमचा आवाज एक' म्हणताना सोनियानं 'एक' वर नेला. जितका जाईल तितका. तो फाटला नाही. दोन वर्षांत घसा ती वाट विसरला होता. नुसता एक किरटा सूर निघाला आणि खांबावर लाल लागला. पलीकडून काठी वाजली नाही.

त्या रविवारी सातव्या रांगेचा फोन बंद. कुणी सोनियाला मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त जेवताना मीठ तिच्यापर्यंत येईना. ती बसली की बाक रिकामा व्हायचा. जयराज म्हणून एक उंच मुलगा होता, तो एकदाच बोलला. "माझी आई रविवारी सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसते. आज पण बसली असेल. कशासाठी? तुझ्या मेंढ्यांसाठी?"  त्याचंही खरं होतं. तिथं सगळ्यांचंच खरं एकमेकांच्या आड येईल अशीच ती व्यवस्था होती.

तात्याबानं तिला ऐकलं की नाही हे तिला कळायचा रस्ता आता नव्हता.

बुधवारी सकाळी दाट धुकं होतं. मैदानातला खांबसुद्धा अर्धा दिसत होता. त्याच दिवशी संकुलानं नवा भोंगा बसवला होता, जुन्याच्या दुप्पट. ऋषिराज सरांनी बटण दाबलं आणि चारशे मुलांनी कानांवर हात न ठेवता फक्त डोळे मिटले.

भोंगा थांबला तेव्हा भिंतीपलीकडं काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. मेंढरांभोवती जाळीचं कुंपण असतं, त्याच्या खुंट्या निघाल्या होत्या. कुत्रं भुंकू लागलं. मग खुरांचा आवाज. सोनियानं तो ओळखला. शंभर जनावरं एका दिशेनं पळतात तेव्हा जमीन पोटातून घुमते. आवाज भिंतीपासून लांब चालला होता. पूर्वेला. पूर्वेला रस्ता होता आणि रस्त्यावरून पहाटेपासून कारखान्याला उसाचे ट्रॅक्टर जात, मागं दोन दोन ट्रॉल्या लावलेले. ते मनात आलं तरी पटकन थांबू शकत नाहीत.

धोंडुबाईची हाक येईल म्हणून ती वाट बघत राहिली. ती आली नाही. धोंडुबाई पहाटेच घोडं घेऊन पुढचा मुक्काम ठरवायला गेली होती, हे नंतर कळलं. आलं ते दुसरंच. भिंतीवर काठी आपटत होती. दोन. दोन. दोन. न्हाई, न्हाई, न्हाई. त्याच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता.

"प्रतिज्ञा," ऋषिराज सर माइकवर म्हणाले.

रस्त्याच्या बाजूला ब्रेक किंचाळला. मग ओल्या पोत्यावर पोतं टाकावं तसा आवाज. परत एकदा.

सोनियानं तोंड उघडलं आणि हाक दिली.

हाक निघाली. मोठी, स्वच्छ, सरळ. खांबावरचा दिवा तिच्यासाठी हिरवा झाला.

पलीकडं एक खूरही थांबला नाही.

तिथं उभ्या असलेल्यांपैकी बहुतेकांना तेव्हा काय झालं ते कळलंच नाही. फक्त एवढं दिसलं की त्रेसष्ट नंबर रांगेतून बाहेर पडली. पांढरी रेघ ओलांडली. भिंतीपर्यंत गेली आणि दोन्ही तळवे भिंतीवर टेकून उभी राहिली, कपाळसुद्धा टेकवलं. "प्रतिज्ञा, मोठ्यानं," सर म्हणाले, अजूनही न ओरडता, आणि तीनशे नव्याण्णव तोंडांनी प्रतिज्ञा सुरू केली. आमचं ध्येय एक. तिनं पुन्हा हाक दिली. ती त्या आवाजात बुडाली. आमची वाट एक. तिसऱ्या खेपेला तिचा घसा दुखला, आत काहीतरी सोललं गेलं, आणि हाक खालून निघाली, वर चढली आणि धडपा फाडावा तशी टर्रकन फाटली.

ती हाक वाऱ्यातून, ओढ्यातून, डोंगरापलीकडं जायला घडवलेली असते. चारशे पोरांची प्रतिज्ञा तिला आडवी येत नाही.

दिवा लाल झाला. तिनं परत दिली. परत. सातव्या रांगेत ब्राह्मीनं तोंड मिटलं. ती पुढं आली नाही. फक्त तिचे ओठ हलायचे थांबले. तिच्याशिवाय कुणीही थांबलं नाही. जयराजचा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि त्याचे डोळे वाहत होते.

मग खुरांचा आवाज जवळ येऊ लागला. जवळ, अजून जवळ, आणि पलीकडून अंगं भिंतीला येऊन धडकली. लोकरीचं घासणं, धापा, गळ्यातली घंटी. ती मेंढरांना दिसत नव्हती, मेंढरं तिला दिसत नव्हती. आठ फूट भिंत होती. मेंढरं भिंतीला तोंड लावून ओरडत उभी राहिली आणि ह्या बाजूला प्रतिज्ञा संपली. मैदानात कुणीच काही म्हणत नव्हतं. त्या शांततेत भिंतीवर काठी वाजली.

एकदा.

एकशेवीसातली अकरा मेंढरं मेली. बाकीची वाचली.

दुपारी तात्याबाला आत बोलावलं. त्याच्या धोतराला रक्त लागलेलं होतं, गळ्याचं फडकं धुळीनं काळं झालं होतं. त्याला खुर्ची दिली तर तो कडेवर बसला. सोनिया भिंतीशी उभी. ऋषिराज सरांनी टेबलावरचा दिवा तिच्याकडं वळवला आणि एक कागद सरकवला.

"आजोबा, तुमची नात जिल्ह्यात पहिली येऊ शकते," ते म्हणाले. "मला ती घालवायची नाही. तिनं उद्या मैदानात एवढं वाचायचं. आत्ता इथं एकदा म्हणून दाखवायचं. दिवा हिरवा झाला की विषय संपला."

कागदावर दोन ओळी होत्या. मी शिस्त मोडली. माझा आवाज चुकला.

"ती डॉक्टर होईल," सर म्हणाले. "तुमची इच्छा आहे ना?"

तात्याबानं काठी एकदा आपटली.

सोनियानं त्याच्याकडं बघितलं. त्याचे डोळे खाली होते. सकाळी त्यानं काय ऐकलं होतं ते त्याला माहीत होतं, आणि तरी त्यानं काठी आपटली होती. त्याला नात हवी होती, आणि नातीचं भलंही हवं होतं. ह्या खोलीत दोन्ही मिळणार नव्हतं.

"आज्जा," ती म्हणाली. दिवा लाल झाला. "सकाळी भिंतीपलीकडनं वळखलंसा मला. आता मी ह्ये वाचलं, तर परत वळखशीला का?"

"वाच," सर म्हणाले.

तात्याबानं काठी उचलली. ती जमिनीपासून वितभर वर तशीच राहिली. एकदा की दोनदा, ते त्याला ठरवता येईना. मग त्यानं ती आवाज न करता मांडीवर आडवी ठेवली.

म्हणजे ते तिनंच ठरवायचं होतं.

तिनं कागद उचलला. पहिली ओळ वाचली, संकुलाच्या आवाजात, स्वच्छ. मी शिस्त मोडली. दिवा हिरवा. ते खरंच होतं, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. मग कागद टेबलावर ठेवला.

"माझा आवाज चुकला न्हाई," ती म्हणाली.

लाल.

"परत."

"चुकला न्हाई."

सरांनी थोडा वेळ त्या लाल ठिपक्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दमलेले दिसत होते. "ह्याच्यासाठी?" ते म्हणाले. "एका शब्दासाठी तू हे सगळं घालवतेस?"  घालवत होती हे तिला दिसत होतं. सरांनी बोट पुढं करून दिव्याचं बटण बंद केलं आणि कपाटातून तिचा दाखला काढायला उठले.

गेटवर ब्राह्मी उभी राहू शकली नाही, परवानगी नव्हती. धुण्याच्या खोलीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, ओला, आणि परत आत गेला. ब्राह्मी पुढं डॉक्टर झाली. कुठल्याशा मोठ्या शहरात आहे. दिवाळीला सोनियाला तिचा निरोप येतो, लिहिलेला. आवाजातला कधी पाठवत नाही.

त्या वर्षी कळप ठरल्यापेक्षा आधीच अण्णांच्या रानातून हलला. अण्णांनी मेलेली मेंढरं पुरायला खड्डा खणून दिला. जैन माणूस, त्यांना ते पाहवेना, तरी शेवटपर्यंत उभे राहिले. निघताना ते सोनियाला म्हणाले, "माझी कशी हाय गं आत?"

"बरी हाय," सोनिया म्हणाली. मग म्हणाली, "अण्णा, सकाळी जरा भिंतीला कान लावत जावा."

दुसऱ्या सकाळी ते रस्त्याला लागले. पुढं मेंढरं, मग कुत्रं, मग तात्याबा आणि ती. संकुलाच्या भिंतीच्या शेवटच्या टोकाशी आले तेव्हा आत प्रतिज्ञा सुरू झाली. आमचं ध्येय एक. तात्याबा सवयीनं थांबला, मान कलती करून. तीही थांबली. आतला आवाज रोजच्यासारखाच होता. भरीव, गुळगुळीत, कुठंही खाच नाही. आत खांबावर हिरवा लागला असणार.

"आज्जा," ती म्हणाली, "म्या त्यात न्हाई, ते कळतंय का?"

तो बराच वेळ ऐकत राहिला. त्यानं नीट ऐकलं. खोटं बोलणं त्याला आवाज होता तेव्हाही जमत नव्हतं. त्यानं काठी रस्त्यावर दोनदा आपटली.

तिनं मान हलवली. मेंढरं फार पुढं गेली होती, वळणाशी, जिथून ट्रॅक्टर यायचे. तिनं तोंडाशी हात नेला आणि हाक दिली. घसा अजून सोललेला होता.

एकशे नऊ माना मागं वळल्या.